ओट्यावरचं दुकान

॥ श्री ॥

असोदा
ता. २० एप्रिल २०२५

चि. सौ. चारुलता हिस भिकुबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं लेकरू इथे मजेत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, म्हणजे बाकीचं पत्र तू बसून वाचशील, उभ्याने नाही.

तुमच्या धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं माझा मोबाईल कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. नाना त्यांचा मोबाईल शेतातच ठेवतात. तू त्यांना फोन करतेस आणि ते तुला बरं आहे एवढंच सांगतात, हे मला माहीत आहे. चाळीस वर्षांत त्यांनी मलाही यापेक्षा जास्त काही सांगितलेलं नाही. म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीतला अभिमन दर सोमवारी दुकानाचा माल घ्यायला धुळ्याला जातो, त्याच्या हाती देत जाईन. तुझं उत्तरही त्याच्याच पिशवीत टाक.

पहिले दोन दिवस पियुषने मोबाईलसाठी घर डोक्यावर घेतलं. जेवायला बसला की ताटाच्या बाजूला हात चाचपायचा. आता विसरला. तू दिलेला खेळांचा कागद बारीक अक्षरातला, तो नानांनी मला वाचून दाखवला. त्यात पहिलंच लिहिलंय की मोठ्या भांड्यात धान्य घ्या, वाट्या-चमचे द्या आणि मुलाला खेळू द्या. मायबाई, याला कागद कशाला लागतो? परातीत शेरभर ज्वारी ओतली, दोन वाट्या दिल्या, तर दुपारभर इकडची तिकडे आणि तिकडची इकडे. चिमण्यांचंही पोट भरलं. दुसऱ्या दिवशी बादलीत पाणी, पेला आणि गाळणी. गाळणीतून पाणी का पळून जातं ते तो वाकून वाकून बघत होता. इथे ऊन असं आहे की दहानंतर पाय टाकवत नाही, पण पाण्याच्या खेळाला यापेक्षा चांगला महिना नाही. नानांनी केळीच्या खोडाच्या सोपटाची गाडी करून दिली. तिला दोरी बांधून ती घरभर ओढतो, मागे चिकाचे डाग. चिकाचा डाग जात नाही, तुला ठाऊक आहे, तरी मी काही बोलले नाही. हे नानांना खरं वाटत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की तीन वर्षांच्या मुलाला पुष्कळ शब्द यायला हवेत आणि आपल्याकडे चारच आहेत, त्याचं तू मनाला लावून घेतलं आहेस. जून महिन्यात तो तीनचा होईल, तेव्हा त्या पुन्हा बघणार आणि नाहीच बोलला तर नाशिकला न्यायला सांगणार. बघू ना तेव्हा. मुलगा हुशार आहे. नुसतं माठाकडे बघितलं की मला कळतं, मी पेला हातात देते. भूक, झोप, शू, सगळं मला त्याच्या आधी कळतं.

जेवत जा वेळेवर. कुंदनलाही सांग. आमची माया तुमच्या पाठीशी आहे, तुमची इकडे असू द्या.

तुझी सासू,
भिकुबाई

*

धुळे
ता. २७ एप्रिल २०२५

ती. सौ. आईंस चारुलताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र ऑफिसातच वाचलं आणि तेही उभ्यानेच. रागावू नका.

घर फार शांत झालं आहे. संध्याकाळी कुलूप उघडताना अजून वाटतं की आतून पाय वाजतील. आई, खरं सांगते, त्याच्या हातात मोबाईल मीच दिला. सकाळी आठची घाई, डबे, आठ पन्नासची रिक्षा. मोबाईल लावला की तो तोंड उघडायचा आणि मी घास घालायचे. दोन वर्षं असंच. डॉक्टर मला काही म्हणाल्या नाहीत, हेही नाहीत, म्हणून मलाच मला म्हणावं लागतं.

डॉक्टरांनी एक सांगितलंय. दर आठवड्याला त्याने स्वतःहून कोणते शब्द उच्चारले ते लिहून ठेवायचं. आपण म्हणायला लावलेले नाहीत, त्याचे त्याने. तेवढं कळवा. ज्वारी किती सांडली ते नाही कळवलंत तरी चालेल.

माझा फोटो त्याला दाखवता का? रडत असेल तर नका दाखवू. नानांना नमस्कार.

आपली लाडकी नसली तरी एकुलती सून,
चारुलता

*

॥ श्री ॥

असोदा
ता. ४ मे २०२५

चि. सौ. चारुलता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. लाडकी आहेस की नाही हे विचारायचं असेल तर आखाजीच्या सणाला यायचं होतं. नुसती मार्च अखेर आणि मार्च अखेर. एप्रिल संपला तरी तुमचा मार्च संपत नाही.

यंदा आखाजी काय झाली म्हणून सांगू! गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या. यशोदाबाईच्या दारच्या कडुलिंबाला झोका बांधला. पियुषने झोक्याकडे बघून नुसते दोन्ही हात वर केले, तर सहा पोरी धावल्या. एकीने उचललं, एकीने बसवलं, बाकीच्यांनी झोका दिला. थांबायचं झालं की हा पाय ताठ करतो, लगेच झोका थांबतो. राजा आहे नुसता. कोणी नाव विचारलं की त्याच्या आधी चौघीजणी ओरडून सांगतात, पियुष कुंदन पाटील. यशोदाबाईचं माहेर तुमच्या धुळ्याकडचं, ती अजून अहिराणीच बोलते, बठ्ठं काही शे शे करून. ती तर त्याचं नाव, वय, काय जेवला, सगळं एका दमात सांगून टाकते.

शुक्रवारी ज्वारीचे बिबडे घातले. शिजवलेल्या घाट्याचा एक गोळा त्याला वेगळा दिला. त्याने माझ्यासारखाच थापला आणि मग खाटेवर वाळत घातलेल्या प्रत्येक बिबड्यात एक एक बोट रुतवलं. बायका हसून बेजार. या वर्षी आपल्या घरचा बिबडा ओळखायला सोपा. कापसातून सरकी काढायला बसवलं होतं, पण सरकी नाकाकडे नेली तशी मी परातच उचलली. बारीक वस्तू हाती द्यायची नाही, हे मला तुझ्या कागदाने नाही, कुंदनच्या नाकातल्या हरभऱ्याने शिकवलेलं आहे.

शब्दांचं विचारतेस, तर आठवडाभरात नवीन नाही निघाला. त्याला गरजच पडत नाही गं. बोट दाखवायच्या आत मी समजते. फोटो दाखवला. बघितला, बोट लावलं आणि खेळायला गेला. रडला नाही.

आमच्या मायेत खंड नाही, तुमच्या येण्यात आहे. तेवढा भरून काढा.

तुझी सासू,
भिकुबाई

*

धुळे
ता. ११ मे २०२५

ती. सौ. आईंस शि. सा. नमस्कार. वि. वि. हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली.

बोटाच्या ठशांचे बिबडे वाचून आम्ही दोघं खूप हसलो. पण नंतर तुमचं पत्र पुन्हा वाचलं, आधीचंही काढून वाचलं आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना. तुम्ही लिहिता, माठाकडे बघितलं की पेला. हात वर केले की झोका. नाव विचारलं की चौघीजणी. आई, मग त्याने बोलायचं कशासाठी?

मी त्याला मोबाईल देऊन गप्प केलं. तुम्ही सगळं आधीच देऊन करताय. तुमचं माझ्यापेक्षा हजारपट चांगलं आहे, पण गप्प तो तिकडेही आहेच. काल डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, थोडं थांबायचं, त्याला मागू द्यायचं.

तुम्ही तीन मुलं वाढवलीत, मी एकालाही नीट नाही. मी हे सांगणं शोभत नाही, माहीत आहे. पण जून जवळ आला आहे आणि मला फार भीती वाटते. राग आला तर माझ्यावर काढा, त्याच्यावर नको.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

आपली,
चारुलता

*

असोदा
ता. १८ मे २०२५

सौ. चारुलता हिस आशीर्वाद. पत्र पोचलं. पियुष बरा आहे. पोट साफ आहे. ऊन फार आहे. शब्द नवीन नाही.

कळावे.

भिकुबाई

ता. क. हे मी, नाना, मागच्या बाजूला लिहितो आहे. तुझं अक्षर तिला लागत नाही, म्हणून तिने तुझं पत्र चार वेळा माझ्याकडून वाचून घेतलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काही ते मीच लिहिलं. आज सकाळी पियुषने माठाकडे बघितलं तेव्हा तिचा हात अर्ध्यात थांबलेला मी पाहिला. मग दिलंच पाणी. बाकी बरं आहे.

*

॥ श्री ॥

असोदा
ता. २५ मे २०२५

चि. सौ. चारुलता हिस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि. मागच्या पत्रात चि. लिहायचं राहिलं होतं, ते या पत्रात दोनदा वाच.

राग आला होता. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, मी पोराला तळहातावर ठेवते आणि ही धुळ्यात बसून माझ्या चुका काढते. पण रविवारच्या बाजारात भाजीवालीपुढे उभी होते. मी वांग्यांकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत होती. मी बोलल्याशिवाय ती काही टोपलीत घालीना. तिथेच मला समजलं. घरी येईपर्यंत माझा राग उन्हातच वाळला.

सोमवारी ओट्यावर दुकान मांडलं. आंबा, शेंगा, टरबुजाची फोड, पाण्याचा पेला, नानांनी केलेली गाडी, सगळं माझ्या पुढ्यात. केळीच्या पानाचे तुकडे केले, त्या नोटा. नानांची टोपी घालून मी दुकानदारीण झाले. पियुष हसतच आला, पान दिलं आणि आंब्याला बोट लावलं. मी म्हटलं, काय पाहिजे पाटील? त्याने पुन्हा बोट लावलं. मी रस्त्याकडे बघत बसले. चारू, मग तो रडला. पानं फेकली, टोपी ओढली, ओट्यावर आडवा पडला. माझे हात पुढे जायला लागले म्हणून ते मी मांडीखाली दाबून बसले. नाना मधे उठले. त्यांच्याकडे मी असं बघितलं की ते तसेच गोठ्यात निघून गेले. पाच मिनिटांनी मीच म्हटलं, आंबा पाहिजे वाटतं पाटलांना, आणि दिला. रडवून ताणायचं नाही, असं मीच ठरवलं होतं. पाण्याला तर दुकानाचा नियमच नाही लावला, उन्हाळा आहे.

मंगळवारी तसंच. बुधवारीही. गुरुवारी दुकान मांडायला मला उशीर झाला, तर टोपी घेऊन तोच आला. माझ्या डोक्यावर ठेवली, समोर बसला आणि पान पुढे करून म्हणाला, आंबा.

मी तर देणंच विसरले. तो पुन्हा म्हणाला, आंबा दे. दोन शब्द, जोडून! नानांना हाका मारल्या तर ते गोठ्यातून अनवाणीच पळत आले. तेव्हापासून शेंग, गाडी, पाणी, अजून, नाही. नाही तर फारच. टरबूज म्हणता येत नाही, टबू म्हणतो, मी चालवून घेते. यशोदाबाईला ताकीद दिली आहे की त्याच्या वतीने बोलली तर ओट्यावर चढू देणार नाही. ती बिचारी आता तोंडावर पदर धरून बसते आणि तो स्वतः नाव सांगेपर्यंत घामाघूम होते. नुसतं पियु सांगतो, पण सांगतो.

दुकानाचा नियम एकच केला आहे. तोंडाने मागेल ते द्यायचंच. आहे त्याला नाही म्हणायचं नाही.

तू पत्रं फाडलीस, तिसरं पाठवलंस, ते बरं केलंस. माया होती तशीच आहे, आता थोडा मान पण आहे.

तुझी सासू,
भिकुबाई

*

धुळे
ता. १ जून २०२५

ती. सौ. आईंस शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र वाचून ऑफिसात रडले. साहेबांना वाटलं घरी काही वाईट झालं. त्यांना टबू समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला.

डॉक्टरांची तारीख सोळा जून मिळाली आहे. त्या म्हणाल्या, हे खूप चांगलं लक्षण आहे, पण घाई नको, त्याला अजून पंधरा दिवस राहू द्या. मला यायचं आहे. रजा मागितली तर मिळेलही. पण आई, मनातलं लिहिते. फोटोला बोट लावून तो खेळायला गेला, ते मी विसरलेली नाही. आले आणि तो माझ्याकडे आलाच नाही, तुमच्या पदरामागे लपला, तर? त्यापेक्षा सोळापर्यंत थांबते, असं स्वतःला सांगते.

त्याने माझं नाव काढलं नाही तरी चालेल, फक्त बोलत राहू दे. आपला हात असाच डोक्यावर ठेवा.

आपली,
चारुलता

*

॥ श्री ॥

असोदा
ता. ५ जून २०२५

चि. सौ. चारुलता हिस अनेक आशीर्वाद. वि. वि. आज गुरुवार. सोमवारची वाट न बघता अभिमनला मुद्दाम पाठवते आहे. कुरकुरला, पण निघाला. नाना फोन करतो म्हणाले. मी नको म्हटलं, ते तुला बरं आहे म्हणून सांगतील आणि ठेवून देतील.

घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. गोष्ट परवाची, मंगळवारची. दोन दिवस मी लिहिली नाही, ती माझी चोरी. वाचून तू समजशील.

दुपारी दुकान मांडलं होतं. आंबे संपत आले, म्हणून काकडी ठेवली होती आणि बिबडेही. पियुष आला, बसला. मी विचारलं, काय पाहिजे पाटील? त्याने सगळा माल बघितला. एकेक वस्तू हाताने बाजूला केली, जशी मी बाजारात वांगी बाजूला करते. माझ्या मागे वाकून बघितलं. तिथेही काही नव्हतं. मग होती नव्हती तेवढी पानं दोन्ही मुठींनी माझ्या मांडीत टाकली आणि म्हणाला, आई दे.

मला वाटलं, मलाच म्हणतोय. कुंदन मला आई म्हणतो ते ऐकून असेल. म्हणून मी दोन्ही हात पसरले. त्याने मान हलवली, नाही म्हणाला, खोलीत गेला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोखाली उभा राहून पुन्हा म्हणाला, आई दे.

रडत नव्हता. मागत होता.

चारू, रात्री मनात आलं की हे तुला कळवलं तर तू येशील आणि सोळा तारखेच्या आधीच घर रिकामं होईल. डॉक्टरीणबाई पंधरा दिवस म्हणाल्यात, तेही मनात आणून पाहिलं. काल दिवसभर दुकानच मांडलं नाही. ऊन फार आहे असं नानांना सांगितलं. पण आज सकाळी पियुष स्वतःच टोपी घेऊन आला आणि मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तोंडाने मागेल ते द्यायचंच, हा नियम दुसऱ्या कोणी केला नव्हता.

मी त्याला सांगितलंय की तो माल दुकानात नाही, धुळ्याहून मागवावा लागतो, शनिवारी येईल. त्याने पानं परत घेतली नाहीत. दुकानदारणीने उचल घेऊन ठेवली आहे, आता मला माघार नाही. तू शनिवारी पहिल्या एसटीने निघ. सोळापर्यंत राहायचं की घेऊन जायचं, ते तुम्ही मायलेक ठरवा, मी मधे बोलणार नाही. दारात आलीस की लगेच त्याला उचलू नकोस, अंगणात खाली बस आणि थांब. थांबायला मी शिकले, तुलाही येईल.

माया कमी होऊ देऊ नकोस. लिहून मागितली आहे, आता द्यावी लागेल.

तुझी सासू,
भिकुबाई