सैल नसलेली वायर

प्रिय पलीकडच्या,

रोज दोनदा फोनवर बोलणाऱ्या बायकोचं पत्र हातात पडल्यावर तू तिकडे परगावी घाबरून जाशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळं ठीक आहे. आईंचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो आणि तो दुखत नाही असं त्या पूर्वीइतक्याच ठामपणे सांगतात. लेकीचा पुढचा दात एकदाचा पडला. 'स' म्हणताना शिट्टी वाजते हे लक्षात आल्यापासून ती दिवसभर सशाच्या आणि सापाच्याच गोष्टी सांगते आहे. आई म्हणतात, सुतार बोलवा आणि ती फट बुजवा. ठीक नाहीये ती मी. काल तू विचारलंस, आवाज असा का येतोय, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दीबिर्दी काही नाही. काल दुपारी जे पाहिलं त्याबद्दल तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं की मी दुसरंच काहीतरी बोलते. म्हणून लिहिते आहे. यातलं अर्धं तुला पाठ आहे, तरी मला क्रमाने लिहू दे. त्याशिवाय माझा माझ्यावरच विश्वास बसणार नाही.

आमच्या कंपनीकडे तक्रारी यायला लागल्या हे तुला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. ज्या शहरात फोनकंपनीने तुमच्या कंपनीचं मध्यवर्ती, कॉल जोडून देणारं यंत्र काढून त्या तिसऱ्या कंपनीचं बसवलं, तिथे टॉवरवर आमचं यंत्र होतं तेच राहिलं, आणि तातडीचे कॉल तुटायला लागले. सगळे नाहीत. सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी कुणी रुग्णवाहिकेचा नाहीतर अग्निशामक दलाचा नंबर लावला की एकदा वाजतो आणि मग गप्प. तू तेव्हा म्हणालास, नवीन यंत्र आहे, रुळेल हळूहळू. ते म्हणण्याआधी तू जरा थांबला होतास, हे मला आता आठवतंय. तेव्हा वाटलं, लाइन खराब आहे.

तुला न सांगता मी एक केलं. आमच्या तक्रार विभागातल्या साहेबांबरोबर एका तक्रारदार बाईंच्या घरी जाऊन आले. तू म्हणशील, तंत्रज्ञाने गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नसतं. नसतं खरं. बाई शिवणकाम करतात. खिडकीपाशी मशीन, मशीनच्या सुईखाली एक बाही अर्धी शिवून तशीच अडकलेली, आणि पलंगावर त्यांचा नवरा. उजवी बाजू पार गेलेली. सकाळी चहाचा कप हातातून पडला, तोंड वाकडं झालं, तशा बाईंनी तीनदा रुग्णवाहिकेला फोन लावला. तीनही वेळा तुटला. शेवटी शेजाऱ्याच्या मालवाहू गाडीत घालून नेलं, पण तोवर तास उलटून गेला होता. मला वाटलं, बाई आम्हाला शिव्या देतील. मी त्या तयारीनेच गेले होते. तर त्यांनी फोन काढला, अंगठा कसा टेकवला ते मला दाखवलं आणि विचारलं, "ताई, माझ्या हाताला कंप सुटला होता हो. मीच चुकीचं दाबलं असेल का?" महिनाभर ती बाई हाच प्रश्न उशाशी घेऊन झोपते आहे. मी त्यांचा हात धरून छातीठोकपणे सांगितलं, चूक तुमची नाही, चूक कुणाची आहे ते मी शोधून काढीन. काय तो माझा रुबाब!

आणि मला तर वाटत होतं, शोधायचं काय त्यात, चूक तिसऱ्या कंपनीचीच. मग सगळ्या कंपन्या जिथे आपापली यंत्रं एकमेकांशी जुळवून बघतात त्या सामाईक प्रयोगशाळेत, आपण भेटलो त्याच हॉलमध्ये, आम्ही आमचं आणि त्यांचं यंत्र समोरासमोर मांडलं. हॉल अजून तसाच आहे, तीच लांब टेबलं, तोच पंख्यांचा घुं घुं आवाज, आणि प्रत्येक कंपनी आपल्या टेबलामागे किल्ला लढवत बसलेली. आपल्या धंद्यात 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण नाही, ती कामाची पद्धतच आहे. तिसऱ्या कंपनीकडून एक मुलगी आली होती, दोन वर्षांचा अनुभव, केस बांधायला पेन्सिल. ती एकच गोष्ट शांतपणे पुन्हा पुन्हा सांगत होती. तातडीचा कॉल आला की आमचं यंत्र तुमच्या टॉवरवरच्या यंत्राला विचारतं, रस्ता मोकळा केलास का. नियमाप्रमाणे उत्तर दोन सेकंदांत यायला हवं, आणि गर्दीत तुमचं उत्तर साडेतीन सेकंदांनी येतं, म्हणून आमचं यंत्र कॉल सोडून देतं. मी चार दिवस तिचं ऐकून घेतलं नाही. चौथ्या दिवशी तर सगळ्यांदेखत म्हणाले, बाळ, तू शाळेत होतीस तेव्हापासून हे यंत्र अकरा वर्षं बिनतक्रार चाललंय, पहिल्याच दिवशी पहिल्याच फटक्यात पास झालंय, आणि तेही माझ्या हातून. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पेन्सिल काढून तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि पुन्हा केसांत खोचली.

मग हेडमास्तर उठले. हो, अजून तेच आहेत प्रयोगशाळेचे प्रमुख, अजून चष्म्यावरूनच बघतात. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी पास झालं ना? मग तो पहिला दिवसच बघू या की." तुला माहीत आहे, निकालाच्या कागदावर आपण फक्त 'पास' लिहून दोघं सह्या करतो, आधी किती वेळा आपटलो ते कुणी लिहीत नाही. हॉलमधली नापासी हॉलमध्येच राहायची, नाहीतर कुठली कंपनी आपलं यंत्र घेऊन तिथे पाऊल ठेवेल? पण दोन यंत्रांमध्ये त्या दिवशी काय काय बोलणं झालं, त्याची नोंद यंत्रं स्वतःच करून ठेवतात, आणि ती नोंद प्रयोगशाळेच्या कपाटात पडून असते. पास झालेल्याची नोंद कोण कशाला उघडेल? अकरा वर्षांत कुणीच उघडली नव्हती. मी मोठ्या ऐटीत म्हटलं, उघडा.

काल दुपारी उघडली. मी हेडमास्तरांच्या शेजारी बसले होते, ती मुलगी मागे उभी होती. सकाळी अकराला, खोटी गर्दी लावून, पहिला प्रयत्न, दोन सेकंदांवर तुटला. साडेअकराला दुसरा, तुटला. बाराला तिसरा, तुटला. मग दोन तास काहीच नाही. मग दोन वाजून दहा मिनिटांनी तुमच्या यंत्रात एक बदल. उत्तराची वाट किती बघायची : दोन सेकंदांचे पाच. शेजारी बदल करणाऱ्याची खूण. तुझी. आणि दोन वाजून बारा मिनिटांनी, पास.

मी ती ओळ पाचसहा वेळा वाचली. कुणीतरी पाणी आणून दिलं, बहुतेक त्याच मुलीने. माझ्या डोक्यात एकच शब्द घुमत होता, वायर. कारण मधले ते दोन तास मला अजून लख्ख आठवतात. साहेबांनी फोनवर सांगितलं होतं, आज पास झालं नाही तर परत येऊ नकोस. मी मागच्या जिन्यात पाण्याच्या कूलरशेजारी तोंड लपवून रडत होते, आणि समोरच्या, म्हणजे शत्रूच्या टेबलावरचा तू, शोधत आलास. आधी काहीतरी खाऊन घे म्हणालास. जबरदस्तीने अर्धं सँडविच खायला लावलंस. परत आले तर यंत्र चालू! तू हात झटकत म्हणालास, "काही नाही गं, वायर सैल होती." मी विश्वास ठेवला. मी तर त्या वायरीच्या प्रेमात पडले, आणि वायरीमागून तुझ्या. आपल्या लग्नात तुझ्या मित्रांनी तीच गोष्ट सांगितली, बारशाला आईंनी सांगितली, आता लेक सांगते, आमच्या बाबांनी वायर घट्ट केली म्हणून मी झाले. दहा वर्षं भरल्या घरात ती गोष्ट निघते, सगळे हसतात आणि तूही हसतोस. तुझं ते हसणं मी काल रात्रभर आठवत होते. त्यात कुठे काही दिसतं का, ते बघत होते.

चूक माझी होती, हे मला कळतंय. मी एक तपासणी चुकीच्या जागी घातली होती, त्यामुळे उत्तर रांगेत अडकत होतं. काल संध्याकाळी ती मला अर्ध्या तासात सापडली. अर्धा तास! तू त्या दिवशी एवढंच म्हणाला असतास ना, की बाई, तुझं उत्तर उशिरा येतंय, तर मी दुसऱ्या दिवशी पास झाले असते. फार तर साहेबांची चार बोलणी खाल्ली असती. पण तुला माझं रडणं बघवलं नाही आणि तू तुझ्या यंत्राला थांबायला शिकवलंस. मग आपली जोडी विकली जायला लागली, आमचं यंत्र आणि तुमचं यंत्र, एकमेकांबरोबर उत्तम चालतात म्हणून. तेव्हा ते पाच सेकंद तू तसेच राहू दिलेस. पुढच्या वर्षी राहू दिलेस, त्याच्या पुढच्या वर्षी राहू दिलेस. आठवड्याभरात सांगू म्हणाला असशील, मग साखरपुडा ठरला असेल, मग बरं दिसलं नसेल. मी तुला ओळखते रे. म्हणूनच तर डोकं बधिर झालंय. परका असता तर कालच धरून हाणला असता. मी नव्या मुलामुलींना वर्गात शिकवते, उत्तर वेळेत द्या, समोरच्याच्या भलेपणावर विसंबू नका. आणि अकरा वर्षं मीच तुझ्या भलेपणावर उभी होते, मला न कळता, अख्खी. मला त्याची लाज वाटते, आणि तुझा इतका राग येतो की पेन कागदात रुततंय. तू मला सांभाळलंस. त्या शिवणकामवाल्या बाईंनी फोन लावला तेव्हा त्यांच्यासाठी थांबायला तिथे तू नव्हतास.

आज सकाळी सगळ्यांदेखत त्या मुलीची माफी मागितली. ती म्हणाली, "होतं असं, मॅडम." मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी लगेच तोडगा काढला : उकरून कशाला काढायचं, तिसऱ्या कंपनीलाही पाच सेकंद करायला सांगू, तक्रारी बंद. क्षणभर मला हायसं वाटलं, तुझ्यापासून लपवत नाही. तुझं नाव येणार नव्हतं, माझंही नाही. मग ध्यानात आलं की ही तर तीच गोष्ट, फक्त या वेळी डोळे उघडे ठेवून. गर्दी दरवर्षी वाढते आहे. आज साडेतीन लागतात, परवा सहा लागतील. तेव्हा कुणाला थांबायला सांगायचं? मी नाही म्हणाले. साहेब तेव्हापासून माझ्याशी फक्त ईमेलवर बोलतात.

आता मुद्द्याचं. सोबत एक कागद आहे, तो बघ. पास झालेली चाचणी पुन्हा उघडायची तर तेव्हा ज्या दोघांनी सह्या केल्या त्याच दोघांच्या सह्या लागतात. हा नियम तू आता ज्या चाचणी-समितीचा अध्यक्ष आहेस, तिचाच आहे. चाचणी उघडल्याशिवाय माझी दुरुस्ती एकाही टॉवरवर चढवता येत नाही, आणि येत्या सोमवारी आणखी तीन शहरांतलं मध्यवर्ती यंत्र बदलतंय. मी सही केली आहे. 'कारण' या रकान्यात लिहिलंय, माझ्या यंत्राचं उत्तर उशिरा येत होतं. तुझा रकाना रिकामा आहे. त्यात खरं लिहिलंस तर समितीची खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही, हे मला ठाऊक आहे, आणि तरीही मी मागते आहे. फोनवर मागितलं नाही, कारण माझा रडका आवाज ऐकून तू लगेच हो म्हणाला असतास, आणि तसं हो मला आता नको. एकटा बस आणि ठरव. काय लिहायचं ते मी सांगणार नाही. समोरच्या टेबलावरची मुलगी रडत होती आणि ते मला बघवलं नाही, एवढंच खरं कारण असेल, तर तेच लिही, सरळ कार्यालयीन भाषेत, तारीख-वेळ घालून. चार कंपन्यांचे साहेब वाचतील, हेडमास्तर चष्म्यावरून वाचतील. वाचू देत. फक्त सोमवारच्या आधी पाठव.

रागावलेली, आणि तरीही
तुझीच