आडव्या फळीचा निळा रंग

मालवण, ११ मे १९५८, रविवार

इनास आज लदिनीला, क्रुसापुढच्या प्रार्थनेला, आला. माझा सख्खा दीर. माझा नवरा पेद्रू वादळात बुडत होता, ते बघूनही यानेच आपली होडी किनाऱ्याकडे वळवली. त्याच्याच खलाशाने मला सांगितलं.

अंगणातल्या क्रुसापाशी प्रार्थना संपली. वाडीतली माणसं एकेक करून क्रुसाचं चुंबन घेऊ लागली. क्रुसाच्या आडव्या फळीवर निळा रंग थोडा उरलाय. माझ्या शाळेच्या फितीचा निळा. माझ्यासाठी पेद्रूने तो होडीला शोधून शोधून लावला होता. त्याच निळ्यावर इनासने ओठ टेकले.

त्याच्या ओंजळीत उकडलेले चणे घालताना मी हळूच विचारलं, "इनास रे, फळी वळाखलंस?"

"खंयची फळी, वयनी?"

"तुझ्या भावाच्या होडयेची. व्हावत इली ती."

चणे सांडले. "माफ कर गो," असं काहीतरी पुटपुटला. मी पुढच्याला चणे वाढले.

शाळेत मदर सांगायच्या, ज्या लाकडावर देवाला मारलं तेच क्षमेची खूण झालं. किती मायेने सांगायच्या! पण क्षमा करणारा देव होता. मी कोण?

पुढच्या रविवारी तो येईल? नाही आला, तर वाडी कारण विचारेल. आला, तर ओठ तिथेच टेकावे लागतील.

निळा फार पुसट झालाय. उद्या बाजारातून रंग आणायला हवा.