कोरडं वजन

आबा, आईच्या पायांवर पुन्हा सूज आली आहे आणि काटा म्हणतो सगळं ठीक आहे. उद्या गुरुवार, तिच्या डायलिसिसची पाळी. उद्या मला डॉक्टरबाईंना एक गोष्ट सांगायची आहे. मनात जुळवतो तोवर ती बरोबर वाटते, पण सांगायची वेळ डोळ्यांपुढं आणली की शब्द पुढंमागं होतात, म्हणून आधी तुम्हाला लिहून बघतो. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं, हे मला माहीत आहे. तरी ही गोष्ट दुसऱ्या कुणाला लिहिण्यासारखी नाही, कारण ती तुमचीच आहे. दुपारची वेळ आहे, दुकानात गिऱ्हाईक नाही. मी आता येरमाळ्याला हायवेवरच्या बी-बियाण्यांच्या दुकानात असतो. मेंढरं तुमच्या मागं वर्षभरात विकली.

तुमच्या किडन्या रक्तदाबानं गेल्या, आईच्या साखरेनं. तुम्ही ज्याला उस्मानाबाद म्हणायचात त्याला आता धाराशिव म्हणतात. दर सोमवारी आणि गुरुवारी मी तिला एसटीनं तिथं घेऊन जातो. मशीन चार तास रक्त गाळतं आणि अंगात साठलेलं जास्तीचं पाणी काढून घेतं. किती काढायचं ते वजनावरून ठरतं. अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं, त्याला डॉक्टरबाई कोरडं वजन म्हणतात. आईचं बावन्न किलो ठरवलेलं आहे. ती साडेत्रेपन्न होऊन गेली की मशीन दीड किलो पाणी काढून तिला बावन्नवर आणून सोडतं. तुमचं अठ्ठावन्न होतं. कोरडं वजन हा शब्द तेव्हा मला कुणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल आणि मला फक्त आकडा ऐकू आला असेल.

तुमची वही मी कशी ठेवायचो ते तुम्ही बघितलं आहे. पाणी, चहा-ताक-आमटी, लघवी, वजन, असे चार रकाने. दिवसात लघवी होईल तेवढं आणि वर अर्धा लिटर, एवढंच तुम्हाला प्यायला चालायचं. मेंढरांना जंताचं औषध पाजायचं खुणा असलेलं माप मी उकळून घेतलं होतं, त्यानं मोजायचो. गोळीबरोबरचा घोटसुद्धा लिहायचो. तुम्ही अंगणात बसून विचारायचात, ‘काय लिवूलालास एवढं?’ आणि मी म्हणायचो, तुमचं पाणी. ‘पान्याचं काय लिवतूस. मिठाचं लिव. मीठ आत गेलं की पानी आपल्या पायानं मागं येतंय.’ डॉक्टर मीठ बंद करा म्हणाले होते ते मी औषधासारखं पाळत होतो. तुम्हाला ते आधीपासून ठाऊक होतं आणि कुठून ठाऊक होतं, तेही मला माहीत होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी तुम्ही विकायच्या मेंढरांपुढं खडेमीठ टाकायचात. ती चाटत राहायची, आणि सकाळी निघताना हौदावर नेली की तोंड वर न काढता पाणी प्यायची. बाजारात पोचेपर्यंत अंगं कशी भरलेली दिसायची. तो पुढं आलेल्या दातांचा व्यापारी आठवतो का? तो मेंढराकडं बघायचाच नाही. डोळे तुमच्या तोंडाकडं आणि हात मेंढराच्या पाठीवर. लोकरीत बोटं घालून मणका चाचपायचा. ‘आबा, मेंढरू इकूलालाव का पखाल? कोसभर चालविलं की निम्मं वाटंतच मुतून ऱ्हाईल.’ तुम्ही पण हसायचात. ‘तुला कोण फसविणार रं? हात ठिवूनच घेतूस की.’ परत येताना तुम्ही माझा हात धरून एका मेंढीच्या पाठीवर ठेवलात. जबड्याखाली पाणी धरलेली मेंढी होती ती, कुणी घेतली नव्हती. ‘काट्याला मांस अन् पानी सारकंच,’ तुम्ही म्हणालात. ‘हाताला न्हाय. मांस गेलं की मनका वर येतोय, मग वरनं किती बी फुगू दे.’ माझ्या बोटांना ते लागलं होतं.

तुमचं डायलिसिस सुरू होऊन सात-आठ महिने झाले असतील. तेव्हाच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर फेरीवर आले, त्यांनी माझी वही घेतली आणि सगळ्या नातेवाइकांना दिसेल अशी वर धरली. ‘हे बघा. असं लिहायचं. नववीतून शाळा सोडलेला मुलगा आहे, पण एक अक्षर चुकलेलं नाही. दोन महिने ह्यांचं वजन जागचं हललेलं नाही.’ मी अठरा वर्षांचा होतो. शाळेत माझी वही कधी कुणी अशी वर धरली नव्हती. तुम्ही मशीनला जोडलेले, पाठीमागं उशा रचून अर्धे बसलेले. तुम्ही म्हणालात, ‘सायेब, काटा बरूबर आसंल. पर आडवं झालं की दम कोंडतोय. अंगात काय राह्यलं न्हाय माझ्या.’ डॉक्टरांनी मला विचारलं, ‘पाणी जास्त घेतात का?’ मी म्हणालो, ‘नाही सर. सगळं वहीत आहे.’ ते पुढच्या खाटेकडं गेले.

बाहेर आल्यावर मी तुम्हाला बोललो. ‘आबा, डॉक्टरांना शिकवू नका. मला खाली बघावं लागतं.’ तुम्ही पायानं चप्पल शोधत होतात. ‘बरं,’ म्हणालात.

आता लिहितो ते कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांच्या त्या फेरीच्या दहा-बारा दिवस आधी मी तुम्हाला आंघोळ घालत होतो. पाठ चोळताना माझी बोटं मणक्यावरून गेली आणि थांबली. एकेक मणका वेगळा लागत होता. खांद्याखाली हाडांत खळगे होते आणि पाय मात्र फुगलेले. तुमच्या अठ्ठावन्न किलोतलं मांस जात होतं आणि त्याची जागा पाणी घेत होतं, म्हणून बेरीज तीच येत होती. एवढं शब्दांत मला तेव्हा मांडता आलं नसतं. पण हात थांबला होता, आबा, आणि का थांबला ते मला कळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ते माझ्या तोंडात होतं. मी एवढंच म्हणायला हवं होतं की सर, यांची पाठ एकदा बघा. ते काही वाईट डॉक्टर नव्हते, त्यांनी बघितली असती. पण तसं म्हणालो असतो तर वहीत काहीतरी कमी आहे असं झालं असतं, आणि वही त्यांच्या हातात होती, सगळे बघत होते.

पुढच्या दोन पाळ्या झाल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्हाला श्वास पुरेना. जीप मिळाली. तुम्ही मागच्या सीटवर ताठ बसून माझा खांदा धरला होता. येडशी ओलांडली तेव्हा पकड सुटली. वहीत त्या दिवशी सकाळचं पाणी दोनशे दहा मिली लिहिलेलं आहे. ते बरोबर आहे.

आईचं असं झालं. महिनाभरापूर्वी सूज दिसायला लागली तशी मी जे मला येतं तेच केलं. पाणी कमी केलं. नऊशे मिली होतं त्याचं सातशे केलं. सूज हटेना. मग मला वाटलं ती चोरून पिते. घरात आम्ही दोघंच. मी माठ भरून पातळीला आतून खडूची रेघ मारली. तिनं ती दुसऱ्याच सकाळी बघितली.

‘ही रेघ कशाची रं?’

मी म्हणालो, ‘अशीच.’

‘अशीच व्हय? म्या चोर हाय का तुज्या घरात? जीभ टाळूला चिकटूलाली तरी तू देतूस तेवढंच पेते म्या.’ ती आणखी चिडली. ‘बापाला असंच मोजून मोजून घालिवलास. आता मला घालीव.’

मग ती भाकरी थापायला बसली आणि रागानं थापायला लागली. मी दारात उभा होतो. तिच्या झंपराची बाही हलत होती. ही बाही दंडात इतकी घट्ट असायची की रक्तदाब तपासताना नर्स वैतागायची. आता तिच्यात माझी मूठ गेली असती. तिचा दंड पिठाच्या हातासकट वर-खाली होत होता, लाकडाच्या ढलपीसारखा, आणि खाली पाटाजवळ पावलं मात्र सुजून चकाकत होती. वजन बावन्न. तीन महिने बावन्न. तुमच्या अठ्ठावन्नासारखंच.

म्हणजे काय करायचं ते मला कळलं आहे. ठरवलेलं वजन कमी करा, असं सांगायचं. पण मी चुकत असलो तर? गेल्या महिन्यात शेजारच्या खाटेवरच्या गुरुजींचं पाणी जास्त निघालं आणि रक्तदाब एवढा उतरला की त्यांचे डोळे फिरले, तोंडातून शब्द फुटेना. आईचंही तसं झालं तर ते माझ्या सांगण्यावरून होईल. न सांगता राहिलो तर काय होतं ते मी एकदा बघितलं आहे. गिऱ्हाईक आलं, थांबतो.

वरचं लिहून दोन आठवडे होऊन गेले.

त्या गुरुवारी मशीन चालवणाऱ्या मुलानं आईला काट्यावर उभं केलं. त्रेपन्न किलो पाचशे. ‘दीड काढायचं,’ म्हणाला आणि आकडा टाकायला लागला. मी म्हणालो, ‘मॅडम येईपर्यंत थांबता का? वजन चुकीचं आहे.’

‘काटा कालच तपासलाय दादा.’

‘काटा नाही. बावन्न चुकीचं आहे.’

‘मग तुम्हीच सांगा की किती टाकू,’ तो म्हणाला आणि पलीकडचे दोघं हसले. आई कुजबुजली, ‘गप की रं, लोकं बघूलालेत.’ माझे कान तापले होते. डॉक्टरबाई आल्या तोवर जुळवलेलं सगळं मी विसरून गेलो होतो. मी नुसती आईच्या बाहीत चार बोटं घालून दाखवली. मग खाली बसून तिची नडगी अंगठ्यानं दाबली आणि पडलेला खड्डा भरत नाही ते दाखवलं. ‘मांस कमी झालंय आणि पाणी वाढलंय मॅडम, म्हणून वजन तेवढंच येतं,’ एवढं एकच वाक्य नीट निघालं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी आईला मागं टेकवून मानेची शीर बघितली, छाती ऐकली. ‘मावशी, झोपताना उशा किती लागतात?’

‘तीन,’ आई म्हणाली. मला ती एक सांगत आली होती.

‘आणि जेवण?’

‘खावंच वाटंना बाई. चतकोर खाते अन् उठते.’

‘बावन्न जुनं झालं,’ डॉक्टरबाई त्या मुलाला म्हणाल्या. ‘एका वेळी अर्धाच किलो उतरवू. घाई नको.’ मला म्हणाल्या, पाणी मोजता तसं खाणंही मोजा, आणि अंडं सुरू करा.

शेवटच्या तासात आईच्या पोटऱ्यांत गोळे आले. ती ओरडली, ‘मेल्या, पाय तोडलास की रं माजा!’ आणि तिनं माझं मनगट धरलं. रक्तदाब उतरत चालला होता. मशीनवरचा मुलगा धावला, पाणी काढणं थांबवलं, खाटेची पायाकडची बाजू वर केली, नळीतून सलाईन सोडलं. मी तिचं पाऊल धरून चवडा नडगीकडं रेटत होतो. आकड्याकडं बघायची मला हिंमत होत नव्हती. ती मला शिव्या देत होती आणि मी त्या शिव्या मोजत होतो, कारण शिव्या थांबल्या असत्या तर मी काय केलं असतं ते मला माहीत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ती म्हणाली, ‘आता सोड. हात दुखला आसंल तुजा.’

पुढच्या सोमवारी वेग कमी ठेवला, गोळे आले नाहीत. मग पाळीला अर्धा अर्धा किलो उतरवत काल पन्नासवर आणून सोडलं. सूज घोट्यापर्यंत उतरली आहे. एका उशीवर निजते, ती उशी मी स्वतः बघितली. अंडं नाक मुरडून खाते. हेच वजन कायमचं नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात, अंग भरलं की परत वर न्यावं लागेल, बघत राहावं लागेल. मी आईच्या वहीत पाचवा रकाना आखला आहे. त्यात रोज दोऱ्यानं दंड मोजून लिहितो.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही आणि आईला दाखवायचं नाही. पण एक राहिलं, ते लिहिल्याशिवाय घडी घालता येणार नाही. काल डॉक्टरबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘तुमच्या हे लक्षात कसं आलं? कुठं शिकलात?’ मशीनवरचा मुलगा ऐकत होता, गुरुजी ऐकत होते. माझे वडील मेंढरं राखायचे, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘मोबाईलवर वाचलं, मॅडम.’ आईनं माझ्याकडं बघितलं आणि तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘हुशार आहात,’ आणि आबा, मला ते ऐकून बरं वाटलं.