लांब बैठक पाहुण्यांसाठी

४ जून
…आणि त्या सकाळी दूध तापवलं, पाणी भरून ठेवलं, ह्यांचे उलटे मोजे सुलटे करून वाळत घातले. सोफ्याखालचा केर काढताना ह्यांना म्हटलं, पाय वर घ्या. ह्यांनी दुखरा गुडघा दोन्ही हातांनी उचलून स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, नवा सोफा घेशील तेव्हा पाय पसरता येतील असा घे. मी म्हटलं, हो हो, घेते, आधी केर तर काढू द्या. झालं. एवढीच ती सकाळ. हे जाऊन आता दोन वर्षं होतील. आज आठवण्याचं कारण इतकंच, की सोफ्याची स्प्रिंग मला टोचली.

तेव्हा ठरलं. नवा सोफा. मॉडर्न, उत्तम दर्जाचा. आठवणींशी संबंध नाही, प्रश्न कमरेचा आहे. आठवड्याभरात काम फत्ते. एवढा संसार ओढला, सोफा निवडणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, आई, खरंच? जुना देऊन टाकणार? म्हटलं, लाकूडच ते, त्यात काय. ती गप्प. रेंज गेली असावी.

७ जून
वाचनालयातून घरसजावटीचं पुस्तक आणलं. माझी शाळा सातवीला सुटली, वाचन नाही सुटलं. फोमची डेन्सिटी, सांगाड्याचं लाकूड, कापड कसं घासून बघायचं, सगळं डोक्यात बसवलं. संध्याकाळपर्यंत तज्ज्ञ. शेजारीण डोकावली, तिला डेन्सिटी समजावून सांगितली. तिला अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं.

९ जून
पहिलं शोरूम. राखाडी सोफा, चांगला ऐसपैस. मी उजव्या टोकाला बसले. सेल्समन म्हणाला, मावशी, अख्खा सोफा रिकामा आहे, अशा अंग चोरून काय बसताय? सांगितलं, टोकाला बसलं की सांगाडा कळतो, पुस्तकात आहे. (पुस्तकात नाही. असायला हवं होतं.)
सोफा नापास. पाठ बुटकी. माझं डोकं नीट टेकत होतं, पण उंच माणसाचं टेकलं नसतं. घरात कधी उंच माणूस येऊ शकतो.

१२ जून
दुसरं शोरूम. लेदरचा सोफा. बसलं की घोरल्यासारखा आवाज. नको. घोरणं ऐकायची सवय मोडायला मला फार दिवस लागले.
तिसऱ्या शोरूममध्ये सेल्समनने एकच आरामखुर्ची पुढे सरकवली. मागे कलते, पाय वर येतात. म्हणे, एकट्या माणसाला बेस्ट. मी विचारलं, एकटं कोण आहे? तो बिचारा माझ्यामागे कोणी उभं आहे का ते बघू लागला. अशा दुकानात पुन्हा पाऊल टाकायचं नाही.
आठवडा उलटला. हरकत नाही. उत्तम दर्जाला वेळ लागतोच.

१५ जून
सापडला! मुलगी सोबत होती, पण पारख माझी. गडद निळा, लाकूड भक्कम, फोम दाबला की लगेच वर येतो. आणि एका टोकाची बैठक लांब, पाय पसरून बसावं अशी. तिला लाउंजर म्हणतात. बघताक्षणी मनात भरला.
मुलगी म्हणाली, वा, आई, लांब बैठक तुझ्या कमरेला छान. म्हटलं, छे, ती पाहुण्यांसाठी. मी आपली दुसऱ्या टोकाला. मुलगी म्हणाली, कुठले पाहुणे गं? आपल्याकडे मीटर बघणारा तेवढा येतो, तो पाय पसरून बसणार आहे का? तिला आतिथ्य कळत नाही. बापावर गेली आहे.
सेल्समनने विचारलं, लाउंजर डावा हवा की उजवा? म्हटलं, डावा. तो म्हणाला, मावशी, डावा म्हणजे कसं बघा, समोरून… मी त्याला तिथेच थांबवलं. म्हटलं, भाऊ, ह्या वयात मला डावं-उजवं शिकवू नका. तो हसला. मुलगी हसली. ऑर्डर दिली. जुना सोफा तेच घेऊन जाणार.

२९ जून
उद्या सोफा येणार. मन खंबीर.
दुपारी जुना सोफा ओल्या फडक्याने पुसला. वस्तू देताना स्वच्छ करून द्यावी, साधा शिष्टाचार. डाव्या बाजूला बसून बसून खड्डा पडला आहे, तो पुसायला वेळ लागला. धूळ फार साचते तिथे.

३० जून
सोफा आला. दोघं जण घेऊन आले. त्यांना चहा दिला. त्यातला जाडा जुन्या सोफ्यावर डाव्या बाजूला टेकायला गेला. मी ओरडले, तिथे नको, स्प्रिंग आहे! तो दचकून उभा राहिला, चहा बशीत. स्प्रिंग उजवीकडे आहे. पण सावध केलेलं बरं.
जुना सोफा नेला तेव्हा मी आत भांडी घासत होते. घासलेलीच होती.
बाहेर आले तर घात! लांब बैठक उजवीकडे. माझ्या टोकाला. म्हटलं, अहो, उलटा आणलात. जाडा म्हणाला, नाही काकू, डावाच आहे, इथे समोर उभ्या राहून बघा. मी म्हटलं, सोफ्यावर बसायचं असतं की समोर उभं राहून त्याच्याकडे बघायचं असतं? तो म्हणाला, बसणारे बसतात काकू, बनवणारे समोरून बघतात.
बाजू बदलता येत नाही. सांगाडाच तसा आहे. सेल्समनला फोन केला. तो म्हणाला, मावशी, मी सांगत होतो, तुम्हीच बोलू दिलं नाही. खोटारडा. म्हणजे खरं आहे, पण बोलायची पद्धत असते.

१ जुलै
मुलीचा फोन. सगळी फसवणूक तिला सांगितली. ती म्हणाली, मग काय बिघडलं? पाहुणे उजवीकडे बसतील, तू डावीकडे बस. म्हटलं, कसे बसतील? त्यांची बाजू डावी आहे, गुडघा दुखतो त्यांचा…
मला पाहुण्यांचं म्हणायचं होतं.
ती म्हणाली, आई, बाबा नाही यायचे गं आता. मी म्हटलं, मला काय सांगतेस, मला माहीत नाही का, मी सोफ्याचं बोलतेय. आणि फोन ठेवला.
ठराव : दुकानवाले बदलून देत नाहीत तोवर ह्या सोफ्याला अंग लावायचं नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ जुलै
ठराव परवा दुपारी मोडला. खुर्चीवर बसून बसून कंबर धरली, आणि कमरेला तत्त्व नसतं. आधी टोकावर टेकले. मग मागे सरकले. पाय आपोआप लांब झाले. सोफ्याला नावं ठेवायची म्हणून बराच शोध घेतला. एकही सापडलं नाही.
डावीकडे बघितलं. कापड कोरं, सपाट. कोणी बसलंच नसावं असं.
रडले. कमरेसाठी नाही.
दुसऱ्या दिवशी शेजारणीला चहाला बोलावलं आणि डाव्या बाजूला बसवलं.