मुक्ताचा दुसरा दाखला

भंडारदरा, ९ डिसेंबर १९९४

चि. अश्विनी हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि. आई बरी आहे. तू वेळेवर जेवतेस का, ते विचारायला सांगते.

हे पत्र वाडीवरच्या भागूबाईसाठी लिहितोय. तिची मुक्ता माझ्या पहिलीच्या वर्गात होती. गेल्या आठवड्यात पोर नगरला तुमच्याच हॉस्पिटलात दगावली. तिथला दाखला भागूबाईने माझ्याकडून वाचून घेतला. त्यावर लिहिलंय, 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू'. दिवसभर हुंदडणाऱ्या पोरीचं हृदय असं कसं बंद पडेल? खालची सही तुझीच वाटली. डॉक्टर झाल्यापासून तुझं अक्षर मुंग्या धावल्यासारखं दिसतं.

आता तिचा धाकटा भाऊ कानिफनाथ याची मान सुजलीय, प्यायलेलं पाणी नाकातून येतं. तुझ्या भाच्याचा, पंकजचाही कालपासून घसा धरलाय. कंपाउंडरने तापाच्या गोळ्या दिल्यात. हृदयाचा आजार एकापासून दुसऱ्याला लागतो का गं? जीव थाऱ्यावर नाही. लगेच लिही.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
जालिंदरदादा


नगर, १२ डिसेंबर

ती. दादास,
सा. जयभीम. पत्र आत्ता मिळालं. तुमच्या पोस्टात ट्रंक कॉल लागेना, म्हणून ही चिठ्ठी एस.टी.च्या कंडक्टरकडे देतेय. पंकजला आणि कानिफनाथला जीप करून आजच्या आज अकोल्याच्या तालुका दवाखान्यात ने. पोरांना चालवू नकोस, उचलून ने. तिथे 'घटसर्प' हा शब्द सांग. तो एकापासून दुसऱ्याला लागतो.

सही माझीच. मुक्ता आली आणि तासाभरात गेली. तिच्या घशात करडा पापुद्रा होता, केसपेपरवर मी तो लिहिलाही. दाखला भरताना वरिष्ठ म्हणाले, नेहमीचं लिही, आणि मी लिहिलं. हृदय तर मरणाऱ्या प्रत्येकाचंच बंद पडतं दादा, ते कारण नव्हे. कारण लिहिलं असतं तर लस घेऊन माणसं तेव्हाच वाडीवर आली असती. आज दाखला दुरुस्त करायला गेले तर वरिष्ठ रागावले; सही झालेल्या कागदाला हात लावायचा नाही म्हणाले. मी आरोग्य कार्यालयात जाऊन स्वतः सांगणार आहे.

पंकज कसा आहे?

तुझी, अश्विनी


अकोले, २१ डिसेंबर

चि. अश्विनी हिस,
सप्रेम जयभीम. पंकजला उद्या घरी सोडतायत. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आठ दिवस त्याला खाटेवरून उठू दिलं नाही. वैतागून माझ्याशी बोलत नाही. वाडीवर पथक येऊन सगळ्या मुलांना टोचून गेलं. तुझा दुरुस्त दाखलाही पोचला.

कानिफनाथ तुझी चिठ्ठी येण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच गेला. तुला कळवायला मन धजत नव्हतं.

'घटसर्प' लिहिलेला नवा दाखला भागूबाईने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "मास्तर, पयल्याच कागदावर ह्ये लिवलं असतं, तर माझा कानिफ राहिला असता का?"

रविवारी ती माझ्याबरोबर नगरला येतेय. भांडायला न्हाई, नुसतं इचारायला, असं म्हणते. ड्यूटी असली तर बदलून घे. दुसऱ्या कुणाला पुढे करू नकोस. तिच्यासमोर तूच बस आणि खरं सांग. मी शेजारी असेन.

तुझ्यावरची माया तसूभरही कमी न झालेला,
जालिंदरदादा