मचूळ पाणी

आये, सकाळपासून तीनदा विहिरीवर जाऊन आले. वाकून पाणी कुठवर आहे ते बघते, पोहरा सोडते, ओंजळभर जिभेवर घेते आणि परत येते. अर्ध्या तासात पुन्हा चपला पायात. पाऊस थांबून महिना झालाय, विहीर भरलेली आहे, पाणी गोडंही लागतं. पण माझ्या जिभेवर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

तू गेलीस तेव्हा तारकर्लीच्या आपल्या घरामागे पाहुण्यांसाठी दोनच खोल्या होत्या. आता नऊ आहेत. तुझ्या वेळचा एक मे महिना मला सारखा आठवतो. तू चुलीपुढे बसून बांगडे तळते आहेस, मी नारळ खवते आहे, आणि अंगणात दोन गाड्या येऊन थांबतात. चौदा माणसं. दोन खोल्यांत दाटीवाटीनं राहू, अंगणात झोपू, पण जेवण तुमच्याच हातचं हवं, म्हणतात. तू पदराला हात पुसत बाहेर जातेस आणि शांतपणे सांगतेस, "आमच्या विहिरीत चौदा माणसांपुरतं पाणी नाही या दिवसांत. पुढच्या वाडीत विचारा." गाड्या वळल्या तशी मी खवणी आपटली. "आलेली लक्ष्मी परत धाडतंस? अशान आपण कधी वर येतलो?" तू बांगडा उलथलास आणि म्हणालीस, "तुका मोठा होवचा आसा, ता माका म्हायत आसा. मोठा हो. पण पोटाक लागता त्याच्यापेक्षा जास्त वाढून घेतला काय उष्टा रवता, आणि दुसरो कोणतरी उपाशी रवता." मी रागानं त्या दिवशी जेवले नाही. तू भितेस, असंच मला कित्येक वर्षं वाटत राहिलं.

तू गेल्यावर मी एकेक खोली वाढवत नेली. त्यात सगळंच चुकलं असं मी म्हणणार नाही. वाडीतल्या चार बायकांना बारमाही काम मिळालं, माझी मुलगी तिला हवं ते शिकली. पण मग पाहुणे फोनवर विचारू लागले, स्विमिंग पूल आहे का? समुद्र दोन मिनिटांवर, आणि यांना पूल हवा. मी बांधला. पंप सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीला बंद. आपल्या वाळूत गोडं पाणी वर आणि खारं खाली असतं, फार उपसलं की खारं वर चढतं, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मलाही होतं.

यंदाच्या मे महिन्यात शेजारची काकी भर दुपारी तांब्या घेऊन आली. वय झालंय तिचं, गुडघे धरून पायरी चढली. "गो, तीन दिस चायतला दूध फुटता. माका वाटला दूधच वाईट, म्हणान दुसऱ्याकडसून आणलंय. तरी फुटता. जरा ह्या आमच्या विहिरीचा पाणी पिऊन बघ." मी घोट घेतला. मचूळ. "तुझ्या विहिरीचा कसा आसा?" तिनं विचारलं. "बरा आसा," मी म्हटलं. "यंदा उन्हाळो कडक, काकी. भरतीचा पाणी आत शिरला असतला." तिनं मान डोलावली आणि गेली. ती फाटकाबाहेर पडल्यावर माझ्या लक्षात आलं की आपल्या विहिरीचं पाणी कसं आहे हे मला माहीतच नाही. पाहुण्यांना जारचं पाणी, तेच मीही पिते. दोन वर्षांत मी आपल्या विहिरीचा एक घोट घेतलेला नव्हता. पोहरा सोडला, चाखलं. काकीच्या पाण्याहून खारट.

दुसऱ्या दिवशी पूल बंद केला, पंप दिवसाला तासभर. पाच खोल्यांच्या पाहुण्यांना फोन करून येऊ नका सांगितलं. काही जण चिडले, काहींनी वाईट शेरे लिहिले. काकीकडे पाऊस पडेपर्यंत रोज एक जार पाठवत राहिले. ती एकदा माझा हात धरून म्हणाली, "कित्याक गो इतक्या करतंस? आवशीचा वळण तुझा." तिनं तुझं नाव काढलं तशी मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता पाऊस होऊन गेलाय आणि फोन पुन्हा वाजू लागलेत. नाताळाला पूल चालू असेल ना, विचारतात. वरच्या मजल्याचं काम कधी काढायचं, म्हणून कंत्राटदार विचारतो. दोघांनाही मी कळवते म्हणते आणि विहिरीकडे चालू लागते. तुझ्यासारखं दोन खोल्यांत माझं भागणार नाही, आये, हे खरं आहे. आणि काकीची विहीर खारट करून मला मोठं व्हायचं नाही, हेही खरं आहे. या दोन्हींच्या मध्ये कुठे थांबायचं ते मला कळत नाही. तुला ते कसं कळायचं, हे तू असताना मी विचारलं नाही.

काकीचं घर इथून दिसतं. ती ओसरीवर बसून सुपारी कातरते आहे. पंप माझा होता, भरती नव्हती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. ते तुला आधी लिहिलं, कारण तू काही बोलणार नाहीस.