एडिसनचा मजूर पक्ष

१३ जानेवारी १९८५, रविवार
लेस्टरहून प्रतापचा फोन. मोज्यांच्या कारखान्यात वीस वर्षं आम्ही दोघं शेजारच्या मशीनवर, एकाच युनियनचे. म्हणाला, काय हुजूर, पोराच्या घरी हीटरजवळ मजा चाललीय ना? इकडे खाणकामगार गेल्या मार्चपासून संपावर आहेत. हुजूर म्हणाला! मला! झोंबलं. सांगून टाकलं की तीन मार्चला इथे न्यू जर्सीत, एडिसन गावात, जाहीर सभा घेतो, संपाला पाठिंब्याचा ठराव करतो आणि लंडनला तार ठोकतो. म्हणाला, बघू.
आता सभा झालीच पाहिजे. नाहीतर जन्मभर हुजूर.

१४ जानेवारी
झोप नाही. बी.पी. असणार. पण पक्षाचं नाव ठरलं: मजूर पक्ष. आपली वर्तमानपत्रं ब्रिटनच्या लेबर पार्टीला हेच म्हणतात, आणि समोरच्या कॉन्झर्व्हेटिव्हांना हुजूर पक्ष. मी सातवीपर्यंतच शिकलो, पण पेपर रोज वाचतो.
जाहीरनामा: खाणी सरकारने बंद करू नयेत. टेलिफोन कंपनी विकली ती परत घ्यावी. श्रीमंतांचा टॅक्स वाढवावा. (पोराचा, शेखरचा नको. त्याला मॉर्गेज आहे.)
मराठी मंडळाचे अध्यक्ष डॉ. शैलेंद्र यांच्याकडे हॉल मागितला. म्हणाले, काका, मंडळात पॉलिटिक्स नको. हा इथला हुजूर पक्ष. सभा शेखरच्या बेसमेंटमध्ये.

१९ जानेवारी
इंडियन किराणा दुकानात पोस्टर लावलं. अक्षर माझंच, ठळक. मजूर पक्ष! कष्टाला मान, सर्वांना समान! त्वरित संपर्क साधा! खाली घरचा फोन. नात दीपा म्हणाली, आबा, इट लुक्स लाइक ॲन ॲड. मी म्हटलं, ॲडच आहे बाळ, क्रांतीची. आमची ही भाजी निवडत राहिली. राजकारण हिच्या डोक्यावरून जातं.

२३ जानेवारी
फोन सुरू! पहिल्याच गृहस्थाने विचारलं, माणसं किती आहेत तुमच्याकडे? म्हटलं, सध्या मी एकटा, पण वाढतील. वय काय? एकोणसत्तर. म्हणाला, बर्फ उपसायला जमेल का? केवढी जिद्द! सभेच्या वाटेत बर्फ आला तर उपसून येणार म्हणतो. म्हटलं, सगळे मिळून उपसू.

२ फेब्रुवारी
रोज फोन. एका बाईंनी विचारलं, रेट काय? म्हटलं, आमच्यात डॉक्टर आणि हमाल यांचा रेट एकच. फार आवडलं त्यांना. लगेच विचारलं, शनिवारी येता?
एकच चिंता. फोन उचलला की कट् असा आवाज येतो आणि कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. टॅप! तिकडे सरकारने हेरखात्याच्या ऑफिसात युनियनलाच बंदी घातली, संपवाल्यांना पोलीस रस्त्यात अडवून परत पाठवतात. आता माझ्यापर्यंत आले. शेखर म्हणाला, बाबा, किचनमध्ये याच लाइनचं एक्स्टेन्शन आहे. असेल. मी ब्लाइंड्स पाडून बसलो. श्वासामागे फोडणी तडतडत होती हे खरं. हेरांनाही जेवायला लागतं.

१६ फेब्रुवारी
फोन एकाएकी आटले. वाजला की हीच धावते. विचारलं तर म्हणते, राँग नंबर. राँग नंबरशीसुद्धा ही माणसं किती, गोड काय करायचं, असं बोलत बसते. स्वभावच बोलका.
शेखर म्हणाला, मजूर म्हटल्यावर लोक मजूरच समजणार ना बाबा. इंजिनिअर आहे. इतिहास कच्चा.

२ मार्च
बेसमेंटमध्ये तीस खुर्च्या मांडल्या. जास्त आले तर जिन्यावर बसवू. हिला चहाचं सांगितलं. म्हणाली, उद्या मला वेळ नाही, माझी पण मीटिंग आहे. बायकांच्या मीटिंगा!

३ मार्च, रविवार, दुपार
सगळ्या खुर्च्या रिकाम्या. वरून मात्र लाटण्यांचा आवाज आणि हसणं. वर गेलो. किचनमध्ये ही, सून उत्तरा आणि शेजारच्या तिघी. पुरणपोळ्यांचा ढीग.
झालं होतं असं. पोस्टर वाचून लोक मजुरांसाठीच फोन करत होते. बर्फ, सामान हलवणं वगैरे हिने नाकारलं आणि स्वयंपाकाची कामं घेतली. आजची ऑर्डर डॉ. शैलेंद्र यांच्या मुलीच्या साखरपुड्याची. मालकीण कुणी नाही. मिळेल ते सगळ्यांत सारखं. चहाची सुट्टी हक्काची. निर्णय हात वर करून. म्हटलं, हे कुठून शिकलीस? म्हणाली, वीस वर्षं रोज जेवताना ऐकवलंत की.
तेवढ्यात प्रतापचा फोन, मी बाहेरच्या खोलीत उचलला. संप संपला, हरलो आपण. आवाज पार बसला होता. तरी विचारलं, सभेला किती आले? मी आकडा जुळवत होतो, तोच किचनच्या फोनवरून ही म्हणाली, भावजी, आम्ही पाच जणी. ठराव करतोय, ऐका. खाणकामगारांचं बरोबर होतं. पिठाने माखलेले पाच हात वर. एकमताने मंजूर.  प्रताप म्हणाला, वहिनी, लाल सलाम. मला काही नाही.

संध्याकाळ
मी सभेसाठी लिहिलेल्या भाषणाची सतरा पानं काढली. ही म्हणाली, मताला टाका. निकाल: पोळ्या होईपर्यंत भाषण बंद. मी भाषणस्वातंत्र्याचा मुद्दा काढला. तोही मताला टाकला.
पक्षात घेतलंय मला, शिकाऊ उमेदवारीवर. वेलदोडे सोलून झाले. आता हुजुरांच्या घरी डबे उचलून कोण नेणार यावर मतदान झालं. उमेदवाराला अजून मत नाही.